घार, सतरंजी आणि हेलिकॉप्टर

दिवाळीच्या सुटींत आम्ही मासवणास आमच्या वडील बंधूंकडे गेलों होतों. पालघरच्या पूर्वेस, सूर्या नदीच्या कांठीं हें गांव आहे. ह्याच नदीचें पाणी येथून उचलून वसई-विरारकडे नेलें जातें, ही गोष्ट तिकडील वाचकांस ठाऊक असेलच. परंतु आज आम्हांस जें सांगावयाचें आहे तें नदीच्या पाण्यासंबंधीं नसून नदीवरील आकाशासंबंधीं आहे.

भाताची कापणी आटोपली होती. दुपार कलली म्हणजे समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटे. अशाच एका दुपारीं सर्व मंडळी ओटीवर बसलीं असतां एक घार आकाशांत घिरट्या घालतांना दिसली. पंख न हालवितां ती संथपणें वर्तुळें काढीत होती. परंतु प्रत्येक वर्तुळ आधींच्या वर्तुळाहून थोडें पूर्वेस सरकलेलें असे. पाहतां पाहतां ती घरावरून निघून दूर रानापलीकडे गेली. आमच्या मातोश्री बराच वेळ तिच्याकडे पाहत होत्या. नंतर नातीकडे वळून त्या म्हणाल्या, "पोरी, ही घार जन्मभर आकाशांत वावरलेली, तीसुद्धां वाऱ्याबरोबर वाहत गेली. मग तुझें तें लोखंडी यंत्र एका जागेभोंवतीं फिरणार तरी कसें?"

ह्या प्रश्नामागें थोडा इतिहास आहे. आमची पुतणी यंदा पदवीधर झाली असून सैन्यांत जाऊन हेलिकॉप्टर चालवावें असा तिचा निश्चय आहे. बंधूंची संमति आहे, वहिनींची अर्धी आहे. परंतु ह्या घरांत मातोश्रींच्या होकारावांचून कोणाचाहि अर्ज आजवर गेलेला नाहीं. मुलीनें उत्तर देण्याचा प्रयत्न केला, पण पुस्तकी शब्द आजीच्या पचनीं पडेनात. तेव्हां तें काम आमच्याकडे आलें. त्या सायंकाळीं ओटीवर जें बोलणें झालें तेंच येथें थोडें व्यवस्थित मांडून वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम वळण म्हणजे काय तें पाहूं. सायकलवरील मुलगा रस्त्याच्या वळणावर आंतल्या बाजूस कलतो, आणि वेग जितका अधिक तितका तो अधिक कलतो, हें आपण नित्य पाहतों. सायकलीस रस्त्याचा आधार असतो. हवेंत तसा आधार नाहीं. तेथें वळविणारी ओढ यंत्रास स्वतःच उत्पन्न करावी लागते. हेलिकॉप्टरच्या माथ्यावरील पंखा फिरत असतां यंत्रास वर उचलून धरतो. वैमानिकानें उजव्या हातांतील दांडा डावीकडे झुकविला कीं पंख्याचें चक्र, आणि त्यापाठोपाठ सारें यंत्र, डावीकडे कलतें. मग वर उचलणाऱ्या बळाचा कांहीं अंश आडवा पडून यंत्रास डावीकडे ओढूं लागतो, आणि वळण सुरू होतें. कल अधिक तर ओढ अधिक. किती ओढ हवी ह्याचा नियम सोपा आहे : वेग दुप्पट झाला तर त्याच वर्तुळासाठीं ओढ चौपट लागते, आणि वेग तोच ठेवून वर्तुळाची त्रिज्या निम्मी केली तर ओढ दुप्पट लागते.

"इथवर समजलें," मातोश्री म्हणाल्या, "पण ह्यांत वारा कोठें आला?"

वारा समजावून देण्यासाठीं आम्हीं ओटीवरच्या सतरंजीचा उपयोग केला. धाकट्या पुतण्यास सतरंजीच्या मध्यावरून लहानशा वर्तुळांत सारख्या पावलांनीं चालावयास सांगितलें, आणि दोघां मुलांनीं ती सतरंजी सावकाश दाराकडे ओढावी असें ठरविलें. मुलगा चालूं लागला, सतरंजी सरकूं लागली. सतरंजीवर पाहिलें तर त्याचें वर्तुळ अगदीं बिनचूक होतें. परंतु ओटीच्या फरशीवर पाहिलें तर तो फेऱ्या घालीत घालीत दारापाशीं येऊन पोंचला होता. हीच घारीची गोष्ट. हवा ही तिची सतरंजी, आणि वारा म्हणजे त्या सतरंजीचें सरकणें. घारीस फरशीवरील खुणेशीं कर्तव्य नाहीं. ती तापून वर चढणाऱ्या हवेच्या आधारानें फिरत असते, आणि ती हवाच मुळीं वाऱ्याबरोबर पुढें जात असते. म्हणून घार वाहत गेली ती दुबळी म्हणून नव्हे; एका जागीं राहण्याचें तिला कारणच नव्हतें.

वैमानिकास मात्र पुष्कळदां तें कारण असतें. पुरांत एखाद्या छपरावर माणसें अडकलीं असलीं, किंवा अपरिचित जागीं उतरावयाचें असलें, तर तो आधीं त्या जागेभोंवतीं फेरी घालून तारा, झाडें, उतार आणि वाऱ्याची दिशा पाहून घेतो. तेथें सतरंजीवर वर्तुळ काढून भागत नाहीं; वर्तुळ फरशीवर उमटलें पाहिजे. म्हणूनच नवशिक्या वैमानिकास जमिनीवरील एखादी खूण मध्यें धरून, तिच्यापासून सारखें अंतर राखून, एकाच उंचीवरून फिरावयास शिकवितात.

आतां आंकडे घेऊं. ओटीसमोर, नदीच्या बाजूस एक जुना वड आहे. तोच आपला मध्यबिंदु. हेलिकॉप्टरचा हवेंतील वेग सेकंदास ३० मीटर, म्हणजे ताशीं १०८ किलोमीटर धरूं. वर्तुळाची त्रिज्या ३०० मीटर. वारा अजिबात नसेल तर सबंध फेरीभर १७ अंशांचा कल पुरतो आणि एक फेरी सुमारें ६३ सेकंदांत पुरी होते.

आतां पश्चिमेचा वारा सेकंदास ८ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें २९ किलोमीटर, वाहूं लागला असें समजा. वैमानिकानें कांहींच न बदलतां तोच १७ अंशांचा कल कायम ठेवला, तर त्याची घार होईल : ६३ सेकंदांच्या एका फेरींत तो वडापासून सुमारें ५०० मीटर पूर्वेस सरकेल. ज्या माणसांस उचलावयास आला तीं मागें राहतील, आणि जी विजेची तार किंवा टेंकडी त्यानें आपल्या वर्तुळाबाहेर ठेवली होती ती दुसऱ्या फेरीस वर्तुळाच्या आंत येईल. मातोश्रींची शंका होती ती नेमकी हीच.

वड सोडावयाचा नसेल तर काय करावें? वर्तुळ जमिनीवर काढावयाचें आहे, तेव्हां हिशेबांतहि जमिनीवरील वेगच धरला पाहिजे. वडाच्या दक्षिणेस, त्यास डाव्या हातास ठेवून, हेलिकॉप्टर पूर्वेकडे चाललें आहे. वारा पाठीमागून आहे. हवेंतील ३० आणि वाऱ्याचे ८ मिळून जमिनीवरील वेग ३८ होतो. ह्या वेगानें त्याच वर्तुळावर राहण्यास २६ अंशांचा कल लागतो. सबंध फेरींत सर्वांत मोठा कल तो हाच. पुढें यंत्र वळून वडाच्या पूर्वेस येतें आणि उत्तरेकडे जाऊं लागतें. आतां वारा डाव्या कुशीवर आहे. येथें कल सुमारें १६ अंशांवर उतरतो. परंतु नाक उत्तरेस न ठेवतां सुमारें १५ अंश वाऱ्याकडे, म्हणजे वडाच्या बाजूस, वळवून ठेवावें लागतें. पुराच्या पाण्यांत नावाडी समोरच्या घाटास लागावयाचें असतां होडीचें तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगास धरतो, तसाच हा प्रकार. मग यंत्र वडाच्या उत्तरेस येऊन पश्चिमेकडे तोंड करतें. वारा समोरून आहे; जमिनीवरील वेग अवघा २२. येथें ९ अंश पुरतात. यंत्र जवळजवळ सरळच दिसतें. शेवटीं वडाच्या पश्चिमेस, दक्षिणेकडे जातांना, वारा उजव्या कुशीवर येतो. कल पुन्हां १६ अंशांवर चढतो आणि नाक वडापासून बाहेर, वाऱ्याच्या रोखानें ठेवावें लागतें. तेथून कल वाढत वाढत दक्षिणेस परत २६.

वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी कीं, खालून पाहणाऱ्यास जें वर्तुळ अगदीं एकसारखें दिसतें, त्यांत वैमानिकाचा हात एक क्षणहि एकसारखा नसतो. ९ अंशांपासून २६ अंशांपर्यंत, आणि परत, त्याचा कल सारखा बदलत असतो.

हें सर्व ऐकून पुतणी म्हणाली, "काका, म्हणजे वारा पाठीवर असतांना कल वाढवायचा, समोर असतांना कमी करायचा, एवढें एक सूत्र पाठ केलें कीं झालें." आम्ही म्हणालों, एवढ्यावर भागत नाहीं, कारण धोका सूत्रांत नसून डोळ्यांत आहे.

जमिनीजवळून उडतांना वैमानिकाची दृष्टि सहजच खालीं जाते. वारा पाठीवर असला म्हणजे शेतें, बांध, झाडें भराभर मागें धांवूं लागतात, आणि आपण फार वेगानें चाललों आहों असा भास होतो. नवशिका माणूस नकळत दांडा मागें ओढून वेग कमी करतो. जमीन नेहमींच्या गतीनें, म्हणजे ३० मीटरांनीं, सरकूं लागली कीं त्यास बरें वाटतें. परंतु त्या वेळीं हवेंतील वेग २२ वर आलेला असतो. वारा १५ मीटरांचा असेल तर तो १५ वर येईल. यंत्रास आधार देते ती हवा, जमीन नव्हे. हेलिकॉप्टर मध्यम वेगानें पुढें जात असतां पंख्यास सारखी नवी, न ढवळलेली हवा मिळते आणि इंजिनावर ताण कमी पडतो. वेग फार घटला कीं तीच उंची राखावयास अधिक शक्ति खर्चावी लागते. त्यांतच यंत्र कललेलें असल्यामुळें पंख्यावर वजनहि अधिक येतें : २६ अंशांस सुमारें अकरा टक्के अधिक. अशा रीतीनें ज्या ठिकाणीं कल सर्वांत मोठा लागतो, नेमक्या त्याच ठिकाणीं वेग कमी करण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. दोन्ही एकत्र आले आणि उंची थोडी असली तर यंत्र खचूं लागतें, आणि सांवरावयास जागा राहत नाहीं.

दुसरा मोह वर्तुळ लहान करण्याचा. खालचें नीट दिसावें म्हणून जवळून फिरावें असें वाटतें. परंतु त्याच वाऱ्यांत त्रिज्या ३०० ऐवजीं १५० मीटर केली तर पाठवाऱ्याच्या बाजूस २६ नव्हे, सुमारें ४४ अंशांचा कल लागतो, आणि पंख्यावरील भार सुमारें चाळीस टक्क्यांनीं वाढतो. उन्हाळ्याच्या दुपारीं, पातळ झालेल्या हवेंत, माणसांनीं भरलेल्या यंत्रास तेवढें बळ शिल्लक असेलच असें नाहीं. म्हणून वारा जितका अधिक, वर्तुळ तितकें मोठें, हा शहाणा नियम होय.

येथें एक गैरसमजहि दूर केला पाहिजे. वळतांना वारा पाठीवर आला कीं यंत्र आपोआप खालीं पडतें, अशी पुष्कळांची समजूत असते. वारा एकसारखा असेल तर तसें कांहींच होत नाहीं. सतरंजीवर चालणाऱ्या मुंगीस सतरंजी सरकते आहे ह्याची वार्ताहि नसते. तसेंच हवेंतील यंत्रास वाऱ्याचें ज्ञान नसतें. तें ज्ञान वैमानिकास असावें लागतें. मात्र सतरंजी ओढणाऱ्यानें एकाएकीं झटका दिला तर गोष्ट निराळी. टेंकड्यांच्या आडोशास, झाडांच्या शेंड्यांजवळ, वादळी पावसाच्या तोंडावर वारा असे झटके देतो. म्हणूनच वेगाची आणि उंचीची थोडी शिल्लक गांठीं ठेवूनच फिरावयाचें असतें.

ह्यावर उपाय काय? ते शिकविण्याच्या पद्धतींतच आहेत. फेरीस आरंभ वारा पाठीवर घेऊन करवितात. त्यामुळें सर्वांत मोठा कल पहिल्याच वळणांत येतो. तो सुरक्षित मर्यादेंत बसत नसेल तर तेथल्या तेथें कळतें, आणि वर्तुळ मोठें करून पुन्हां आरंभ करतां येतो. दुसरें, वारा वाचावयास शिकवितात. वीटभट्टीचा धूर कोणीकडे झुकतो, नदीच्या पाण्यावरील लहरी कोणत्या दिशेनें धांवतात, नारळाच्या झावळ्या कोठें कलतात, हीं त्याचीं अक्षरें होत. तिसरें, दृष्टि वांटावयास शिकवितात : एकदां खुणेवर, एकदां वेगदर्शकाच्या कांट्यावर, एकदां उंचीच्या कांट्यावर, आणि पुन्हां बाहेर. डोळ्यांनीं जमीन राखावी, पण विश्वास कांट्यावर ठेवावा. आणि अखेर उतरावयाचें तें वाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे जमिनीवरील वेग थोडा राहतो आणि हवेचा आधार पुष्कळ मिळतो.

हें शिक्षण देणारी एक मोठी शाळा आपल्या महाराष्ट्रांतच आहे. भारतीय सैन्याची स्वतंत्र हवाई शाखा १९८६ सालीं स्थापन झाली, आणि तिच्या वैमानिकांसाठीं २००३ सालीं नाशिकच्या गांधीनगर येथें 'कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल' उघडण्यांत आलें. २५ मे २०२२ रोजीं ह्याच शाळेंत हरियाणाच्या कॅप्टन अभिलाषा बराक ह्यांच्या छातीवर वैमानिकाचें पंखचिन्ह लागलें. सैन्याच्या हवाई शाखेंतील त्या पहिल्या स्त्री लढाऊ वैमानिक होत. आमच्या पुतणीच्या खोलींत त्यांचें चित्र लावलेलें आहे, हें आम्हांस त्याच दिवशीं कळलें.

"शाळा असेल," मातोश्री म्हणाल्या, "पण खऱ्या वादळांत हें कोणाच्या उपयोगीं पडलें आहे का?"

ह्याचें उत्तर देण्यास दूर जावें लागलें नाहीं. १७ मे २०२१ च्या रात्रीं तौक्ते चक्रीवादळ गुजराथच्या किनाऱ्यावर आदळलें. त्याच्या तडाख्यांत सांपडलेली 'गॅल कन्स्ट्रक्टर' नांवाची एक बार्ज भरकटत येऊन ह्या पालघरच्याच किनाऱ्याजवळ रुतली. तिच्यावर १३७ माणसें होतीं. जहाजें मदतीस धांवलींच, पण त्यांच्या जोडीला तटरक्षक दलाचीं चेतक हेलिकॉप्टरेंहि आलीं, आणि १८ मे रोजीं सर्वच्या सर्व १३७ जणांची सुटका झाली. खवळलेल्या समुद्रावर, वाऱ्याचे झोत अंगावर घेत, रुतलेल्या बार्जेवरून माणसें उचलावयाचीं म्हणजे काय, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. वडाच्या झाडाभोंवतीं नवशिक्याकडून शेंकडों वेळां फेऱ्या घालवून घेतात त्या अशाच दिवसासाठीं. त्या दिवशीं अंशांचा हिशेब करीत बसावयास वेळ नसतो, तो आधींच हातांत उतरलेला असावा लागतो.

मातोश्रींस तें वादळ चांगलें आठवत होतें. त्या रात्रीं मासवणासहि घराचीं कौलें उडालीं होतीं आणि मागच्या परसांतील आंबा मोडला होता. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग नातीस जवळ बोलावून त्यांनीं विचारलें, "खालची जमीन भराभर पळूं लागली, तर काय करशील?"

"कांट्याकडे पाहीन, आजी."

"आणि वर्तुळ फार लहान वाटलें तर?"

"सोडून देईन, आणि मोठें घेऊन पुन्हां येईन."

तिन्हीसांजा झाल्या होत्या. वहिनींनीं तुळशीपुढें दिवा लावला. मातोश्री उठून वृंदावनापाशीं गेल्या आणि नमस्कार करण्यापूर्वीं क्षणभर ज्योतीकडे पाहत उभ्या राहिल्या. ज्योत पूर्वेकडे कलत होती.

"पश्चिमेचाच आहे अजून," त्या म्हणाल्या; आणि मग आमच्या बंधूंस, "अरे, तिच्या त्या अर्जाची मुदत केव्हांपर्यंत आहे तें पाहून ठेव."